बेने-इस्राएल विवाहविधी

रायगड (पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्याच्या किनारपट्टीवर शतकानुशतके वास्तव्य करून असलेल्या बेने-इस्राएल या मराठी भाषिक ज्यू जमातीचे विवाहसंस्कार. कोकणातील लोकाचार, हिब्रू धर्मविधी आणि पाश्चात्त्य शिष्टाचार असे तीन प्रवाह या विधींत एकत्र आलेले आढळतात. धर्मविधी हा त्यांतील मूळचा व सर्वांत जुना भाग असून त्यावर प्रथम प्रादेशिक चालीरीतींचे आणि नंतर आधुनिक पाश्चात्त्य पद्धतींचे पुट चढले असावे, अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्ष आचरणाचा इतिहास मात्र निराळा आहे. हळद, मेंदी, हिरवा चुडा आणि मलीदा हे कोकणी आचारच या जमातीत अधिक काळ अखंड चालत आले. सिनेगॉगमधील हिब्रू विधीचे आजचे स्वरूप मुख्यतः अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत सिद्ध झाले, आणि त्याच शतकाच्या उत्तरार्धात पाश्चात्त्य पद्धतींचा शिरकाव सुरू झाला. म्हणजे उगमाने जो भाग प्राचीनतम तो आचरणाने बराच अर्वाचीन ठरतो. या विसंगतीमुळे जमातीच्या विवाहांवर दोन वेळा गंभीर आक्षेप घेतले गेले. एकदा मुंबईत व एकदा इझ्राएलमध्ये.

जमातीच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज पॅलेस्टाइनमधून समुद्रमार्गे येत असता त्यांचे गलबत अलिबागच्या उत्तरेस नवगावनजीक फुटले. सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या आणि मृतांचे दफन नवगाव येथेच करण्यात आले. हे आगमन इ. स. पू. दुसऱ्या शतकात झाले, असे या परंपरेत मानले जाते. त्यास स्वतंत्र लेखी पुरावा नाही आणि अभ्यासकांनी वेगवेगळे काळ सुचविले आहेत. येथे नवगाव व नागाव या दोन गावांची गल्लत होण्याचा संभव असतो. नवगाव अलिबागच्या उत्तरेस थळ-किहीमच्या बाजूस आहे. नागाव हे अलिबागच्या दक्षिणेस, रेवदंड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, अक्षीच्या पुढे लागणारे नारळी-पोफळीच्या वाड्यांचे गाव. वाचलेल्या कुटुंबांची संतती याच किनाऱ्यावर व लगतच्या खाडीकाठच्या गावांत पसरली. ज्या गावी घर केले त्याचे नाव त्यांनी आडनाव म्हणून धारण केले. नागावकर, नवगावकर, किहीमकर, थळकर, चेऊलकर, रोहेकर, पेणकर, झिराडकर, दिवेकर, अष्टमकर ही सर्व बेने-इस्राएल आडनावे होत. लग्न जमविताना स्थळाची चौकशी आजही याच आडनावांवरून सुरू होते, मग ते घराणे मुंबईत असो की इझ्राएलमधील लोद शहरात.

तेलाचा घाणा चालविणे हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. शब्बाथ म्हणजे शनिवार पाळून त्या दिवशी ते घाणा बंद ठेवीत. म्हणून आसपासचे लोक त्यांना शनवार तेली म्हणत. हिब्रू भाषेचे व धर्मग्रंथांचे ज्ञान कालौघात लोपले, पण शब्बाथ, सुंता आणि खाण्यापिण्याचे मुख्य निर्बंध टिकून राहिले. खवले व पर नसलेला मासा ते खात नसत. हिब्रू प्रार्थनांपैकी ‘शेमा’ तेवढी तोंडी शिल्लक होती आणि सुंता, नवस, लग्न अशा प्रत्येक प्रसंगी तीच म्हटली जाई. समुएलचे समाजी, एझकिएलचे हसाजी, बेंजामिनचे बुनाजी अशी नावेही मराठी वळणाची झाली होती. अशा समाजात लग्न लागे ते शेजाऱ्यांच्या रीतीने, पण मूर्तिपूजा व ब्राह्मण पुरोहित वगळून. दारी मांडव घातला जाई. वधूवरांना हळद लागे, वर फुलांच्या मुंडावळ्या बांधून घोड्यावरून वाजतगाजत येई, स्त्रिया मराठी गाणी म्हणत आणि सोहळा अनेक दिवस चाले. वधूच्या गळ्यात मंगळसूत्र, हातांत हिरव्या काचेच्या बांगड्या व अंगावर लुगडे असे. मुहूर्त पाहण्याची वा कुंडली जुळविण्याची प्रथा त्यांच्या धर्माच्या चौकटीत बसणारी नव्हती. शनिवारी मात्र लग्न लागत नसे, एवढा दंडक निश्चित होता. गावचा मुकादम हा जमातीचा प्रमुख. सोयरीक, मानपान व तंटे यांत त्याचा शब्द चाले.

लग्नसंबंधांच्या बाबतीत जमातीत एक अंतर्गत भेदही होता. दोन्हीकडून शुद्ध बेने-इस्राएल वंशाचे ते गोरे इस्राएल आणि जमातीबाहेरील स्त्रियांशी झालेल्या संबंधांतून जन्मलेल्यांचे वंशज ते काळे इस्राएल. या दोन गटांत रोटीबेटी व्यवहार होत नसे. वर्णावरून पडलेली ही नावे वर्णाशी फारशी संबंधित नव्हती. गोऱ्यांत सावळे व काळ्यांत उजळ लोक भरपूर होते. हा भेद यहुदी धर्मशास्त्रातून आलेला नसून भोवतालच्या जातिव्यवस्थेचे अनुकरण होते, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. सिनेगॉगांच्या काळातही तो काही काळ टिकला आणि विसाव्या शतकात, प्रामुख्याने शहरांत, पुसट होत गेला.

धर्मजागृतीचे श्रेय परंपरा डेव्हिड राहाबी याला देते. त्याने या लोकांना मासे रांधावयास दिले असता स्त्रियांनी खवल्यांचे तेवढे निवडून घेतले, तेव्हा हे ज्यूच असल्याची त्याची खात्री पटली, अशी कथा सांगतात. त्याचा काळ काही जण अकराव्या-बाराव्या शतकांपर्यंत मागे नेतात. अठराव्या शतकातील कोचीनच्या प्रसिद्ध राहाबी व्यापारी घराण्यातील पुरुषाशी त्याचा मेळ घालणे अधिक संभवनीय वाटते. त्याने झिराडकर, राजपूरकर व शापूरकर या तीन घराण्यांतील व्यक्तींना धर्मशिक्षण देऊन काजी नेमले, असे मानले जाते. पुढे हे पद वंशपरंपरेने चालले. काजी गावोगाव फिरून सुंता व लग्ने लावीत. ‘काजी’ हा शब्द मुस्लिम अमलातील प्रशासनातून आलेला असला, तरी त्याचे काम येथे सर्वस्वी यहुदी होते. यामुळे लग्नविधीत प्रथमच काही हिब्रू आशीर्वचने नियमितपणे येऊ लागली असावीत.

खरा पालट झाला तो सिनेगॉगांमुळे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातील अधिकारी समुएल एझकिएल दिवेकर (समाजी हसाजी) याने १७९६ मध्ये मुंबईत ‘शाआर हारहामीम’ हे जमातीचे पहिले सिनेगॉग उभारले. किनाऱ्यावर रेवदंडा (१८४२), अलिबाग (१८४८), पनवेल (१८४९) आणि पेण (१८६३) येथे सिनेगॉगे झाली. अलिबागचे ‘मागेन आबोथ’ ज्या भागात आहे तो इस्राएल आळी म्हणूनच ओळखला जातो. रेवदंडा व अलिबाग या दोन सिनेगॉगांच्या मध्ये नागाव येत असल्यामुळे तेथील कुटुंबांना लग्नासाठी दोन्ही ठिकाणे बैलगाडीच्या अंतरावर होती. लग्न दारच्या मांडवातून सिनेगॉगच्या तेब्यावर (धर्मग्रंथवाचनासाठीच्या मधल्या उंच चौथऱ्यावर) आले आणि काजीची जागा हळूहळू हज्जानने घेतली. हज्जान बहुधा कोचीनहून आणलेला असे. कोचीनहून आलेल्या शलोमो सालेम शुराबी याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सिनेगॉगांची घडी बसविण्याचे मोठे कार्य केले. त्यामुळे प्रार्थनेचे चालू वळण सफार्दी पद्धतीचे, कोचीनी चालींचे झाले.

या परिवर्तनास ख्रिस्ती मिशनऱ्यांचा हातभार लागला, हा इतिहासातील एक विनोदच म्हणावा लागेल. अमेरिकन मराठी मिशनच्या शाळांतून बेने-इस्राएल मुले शिकली व काही बेने-इस्राएल तेथे शिक्षकही झाले. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन याने १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले. जुना करार मराठीत वाचावयास मिळाल्याने बेने-इस्राएल ख्रिस्ती होण्याऐवजी अधिक निष्ठावंत ज्यू झाले. पुढे जोसेफ एझकिएल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथांची मराठी भाषांतरे केली. त्यामुळे वधूवरांना व वऱ्हाडाला विधीचा अर्थ प्रथमच समजू लागला. हिब्रू पुराणकथांवर मराठी कीर्तने रचून ती हार्मोनियम-तबल्याच्या साथीने करण्याची प्रथाही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत सुरू झाली आणि लग्नघरी अशी कीर्तने ठेवली जाऊ लागली.

सिनेगॉगमधील विधीचे सिद्ध झालेले स्वरूप थोडक्यात असे : वर आधी येऊन तेब्यावर उभा राहतो. वधू प्रवेश करू लागली, की तो ‘योनाथी’ (माझी कबुतरी) हे हिब्रू गीत गाऊन तिचे स्वागत करतो. उपस्थितांपैकी अनेकांना त्याचा शब्दार्थ लागत नसला, तरी चाल सर्वांना पाठ असते आणि वराचा आवाज ऐनवेळी बसला, तर मंडळी ते गीत पुरे करतात. हज्जान द्राक्षरसावर आशीर्वचन म्हणतो. वर रस पिऊन उरलेला वधूस देतो. किनाऱ्यावरील गावांत द्राक्षांची दारू मिळत नसे. म्हणून मनुका भिजवून, कुस्करून काढलेले सरबत शब्बाथला आणि लग्नाला वापरण्याचा प्रघात पडला व तो शहरांतही टिकला. यानंतर वर वधूच्या तर्जनीत अंगठी घालून ती आपणास मोशेच्या व इस्राएलच्या नियमाप्रमाणे वाहिली गेल्याचे सांगतो. मग ‘केथुबा’ म्हणजे विवाहपत्र मोठ्याने वाचले जाते. सात आशीर्वचने म्हटली जातात, पेला फोडला जातो व ‘बेसिमान टोब’ (शुभशकुन असो) असा घोष होतो. विधीस दहा प्रौढ पुरुषांची उपस्थिती आवश्यक मानली जाते.

केथुबाचे महत्त्व केवळ विधीपुरते नाही. अरेमाइक भाषेतील या पत्रात पती पत्नीच्या पालनपोषणाची हमी देतो; त्याने तिला सोडल्यास अथवा तो मृत्यू पावल्यास तिला द्यावयाच्या रकमेचा त्यात उल्लेख असतो. साक्षीदारांच्या सह्या होऊन पत्र वधूच्या स्वाधीन केले जाते. तोंडी मान्यतेवर व मुकादमाच्या शब्दावर चालणाऱ्या जुन्या व्यवस्थेत स्त्रीच्या हाती असा लेखी आधार नव्हता. लग्न मांडवातून सिनेगॉगमध्ये आल्याने पडलेला सर्वांत ठोस फरक हाच होय. अनेक घरांत ही पत्रे वेलबुट्टीच्या चौकटीत, दागिन्यांच्या पेटीत जपून ठेवलेली असत.

सिनेगॉगमधून शास्त्रोक्त विधी आला म्हणून कोकणी आचार नाहीसे झाले नाहीत. ते आदल्या दिवसाकडे सरकले. लग्नाची पूर्वसंध्या ही मेंदीची रात्र. वधू हिरवी साडी नेसते व हिरवा चुडा भरते. घरातील वडीलधाऱ्या सुवासिनी तिच्या हातांना मेंदी लावतात. वराच्या बोटालाही मेंदी लागते. मामाचा मान या प्रसंगी मोठा असतो. या रात्री किंवा लग्नाच्या आगेमागे ‘मलीदा’ होतो. भिजवलेल्या पोह्यांत गूळ, ओले खोबरे व वेलदोडा घालून तो ताटात रचतात. भोवती पाच प्रकारची फळे मांडतात आणि सुगंधी फुले किंवा पाला ठेवतात. एलियाहू हन्नबी या प्रेषिताचे स्तवन गाऊन झाडाच्या फळांची, जमिनीच्या पिकाची व सुगंधाची वेगवेगळी हिब्रू आशीर्वचने म्हणतात आणि मग मलीदा वाटतात. अन्नपदार्थ सर्वस्वी कोकणातला, आशीर्वचने सर्वस्वी यहुदी आणि या दोहोंची अशी सांगड इतरत्र कोणत्याही ज्यू समाजात नाही. अलिबाग तालुक्यात खंडाळे येथे एलियाहूच्या रथाची खूण दाखविली जाते. ‘एलियाहू हन्नबीचा टापा’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या या स्थळी लग्न ठरल्यावर वा नवस फळल्यावर मलीदा करण्यास कुटुंबे येतात. मेजवानीतील बेतही स्थानिक असतो. मांस व दूध एकत्र न करण्याच्या धर्मनियमास कोकणातील नारळाने आपोआप वाट करून दिली : मटणाचा रस्सा नारळाच्या दुधातला आणि गोड पदार्थही त्याच दुधातले.

पाश्चात्त्य पद्धतींचा प्रवेश झाला तो लष्कर, रेल्वे, टपाल व सरकारी कचेऱ्या यांच्या वाटेने. एकोणिसाव्या शतकात बेने-इस्राएल कुटुंबे किनारा सोडून मुंबई, पुणे, ठाणे, अहमदाबाद, कराची अशा ठिकाणी गेली. देशी पलटणींतून सुभेदार-मेजरपर्यंतची पदे अनेकांनी मिळविली. छावणीत इंग्रज अधिकाऱ्यांची लग्ने पाहिली जात, वाद्यवृंद ऐकला जाई. मुंबईत तर बगदादी ज्यूंचा श्रीमंत वर्ग युरोपीय राहणी स्वीकारून बसला होता. परिणामी वराचा अंगरखा व पगडी जाऊन कोट-पाटलोण व गळपट्टा आला. वधूचा पोशाख बदलताना मात्र समाजाने एक मधला मार्ग काढला. युरोपीय वधूचा पांढरा रंग व डोक्यावरील जाळीदार ओढणी घेतली, पण झगा न घेता पांढरी साडीच ठेवली. शेजारच्या हिंदू समाजात पांढरी साडी वैधव्याची खूण असताना ती सौभाग्याची म्हणून नेसणे हा लहान फेरफार नव्हता. जुन्या पिढीतील स्त्रियांना तो खुपला असल्यास नवल नाही. तडजोड अशी झाली, की आदल्या रात्री हिरवी साडी व लग्नास पांढरी. हिरवा चुडा दोन्ही वेळी. पुढे काहींनी झगाही पत्करला. फुलांचा गुच्छ, करवल्यांऐवजी सारख्या पोशाखातील मुली, सभागृहातील स्वागतसमारंभ, थरांचा केक, बँड व इंग्रजी-मराठी छापील निमंत्रणपत्रिका ही विसाव्या शतकातील भर होय. केकमुळे धर्मनियमांचा प्रश्न उद्भवे. मांसाहारी भोजनानंतर लोण्याचा केक चालत नसल्याने तो अनेकदा बिनलोण्याचा करवून घेत अथवा जेवणच शाकाहारी ठेवीत.

सुधारणेचा उत्साह आणि परंपरेची ओढ यांतील ताण हाइम समुएल किहीमकर यांच्या ग्रंथात स्पष्ट दिसतो. मुंबईत जमातीची शाळा स्थापन करण्यात पुढाकार घेणाऱ्या किहीमकरांनी १८९७ मध्ये बेने-इस्राएलांचा इतिहास इंग्रजीत लिहून पुरा केला. तो प्रसिद्ध झाला १९३७ मध्ये, तेल आवीव्ह येथे, त्यांच्या निधनानंतर बऱ्याच वर्षांनी. लग्नाचे जुने विधी त्यांनी तपशीलवार नोंदविले आहेत. जे यहुदी धर्मग्रंथांशी जुळते त्याचे ते आवर्जून मूळ दाखवितात आणि जे जुळत नाही ते शेजाऱ्यांकडून आलेले व सोडण्याजोगे ठरवितात. आजच्या अभ्यासकास या वर्गीकरणापेक्षा त्यांची नोंदच अधिक मोलाची वाटते. आपल्या जमातीचे विवाह धर्मशास्त्राच्या कसोटीस उतरतात, हे बाहेरच्या ज्यू जगाला पटविण्याची निकड किहीमकरांना होती, हे ध्यानात घेतल्यास त्यांच्या भूमिकेचा उलगडा होतो.

ही निकड काल्पनिक नव्हती. डेव्हिड ससून १८३२ च्या सुमारास बगदादकडून मुंबईस आल्यावर बगदादी ज्यूंची वसाहत वाढली. आरंभी दोन्ही समाज एकत्र प्रार्थना करीत; १८३६ मध्ये मात्र बगदादी मंडळींनी दफनभूमीत आपला भाग भिंतीने वेगळा करून मागितला. पुढे बगदाद्यांनी स्वतंत्र सिनेगॉगे बांधली व बेने-इस्राएलांशी सोयरीक टाळली. आक्षेप वरकरणी धार्मिक होता : ज्या समाजास शतकानुशतके धर्मशास्त्र ठाऊक नव्हते, त्यांच्यातील घटस्फोट व विधवाविवाह शास्त्रोक्त झाले असतील कशावरून? घटस्फोट शास्त्रोक्त नसेल, तर त्या स्त्रीचा पुढचा विवाह अवैध आणि त्यापासूनची संतती इतर ज्यूंशी विवाहास अपात्र, असा हा युक्तिवाद होता. वस्तुतः बेने-इस्राएलांत घटस्फोट अत्यंत विरळा होता आणि विधवाविवाहही शेजारच्या उच्चवर्णीयांप्रमाणे दीर्घकाळ निषिद्ध मानला गेला होता. म्हणजे ज्या कोकणी वळणास आक्षेपक अज्ञान समजत होते, त्यामुळेच शास्त्रभंगाचे प्रसंग फारसे आले नव्हते. रंग, भाषा व आर्थिक दर्जा यांचा दुरावा या आक्षेपामागे होता, हे नाकारता येत नाही.

हाच प्रश्न इझ्राएलमध्ये पुन्हा उभा राहिला. १९४८ नंतर हजारो बेने-इस्राएल तिकडे स्थलांतरित झाले. तेथे ज्यूंचे विवाह धर्मपीठाच्या अखत्यारीत असल्यामुळे काही रब्बींनी बेने-इस्राएल वधूवरांचे इतर ज्यूंशी विवाह लावण्यास नकार दिला. मुख्य धर्मपीठाने १९६१ मध्ये असे विवाह तत्त्वतः मान्य केले, परंतु १९६२ मध्ये विवाहनोंदणी करणाऱ्या रब्बींना सूचना दिल्या, की बेने-इस्राएल अर्जदाराच्या मातृकुळाची मागील पिढ्यांपर्यंत चौकशी करावी. दुसऱ्या कोणत्याही ज्यू गटाचे नाव घेऊन अशी अट घातलेली नव्हती. नागाव, थळ किंवा रोह्याच्या एखाद्या आजीचे लग्न कोणी लावले व ती कोणाची मुलगी, याचा कागद जेरूसलेमला दाखवावा कसा? ज्यांच्याकडे केथुबा जपून ठेवलेला होता ती कुटुंबे त्यातल्या त्यात सुदैवी. उरलेल्यांना आडनाव आणि गाव एवढीच साक्ष होती. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरूसलेममध्ये बेने-इस्राएलांनी धरणे धरले व निदर्शने केली. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये इझ्राएलच्या संसदेने खास अधिवेशनात बेने-इस्राएल हे सर्व बाबतींत संपूर्ण ज्यू असल्याचे घोषित केले आणि त्यानंतर धर्मपीठाने आपल्या सूचनांतील जमातीचा नामनिर्देश काढून टाकला. व्यक्तिशः काहींना चौकशीचा जाच त्यानंतरही सोसावा लागला.

भारतात ज्यूंसाठी विवाहाचा स्वतंत्र संहिताबद्ध कायदा झालेला नाही. त्यांचे विवाह रूढ यहुदी धर्मनियमांनुसार होतात. भिन्नधर्मीयांशी नोंदणी विवाह करावयाचा, तर १८७२ च्या अधिनियमाखाली आपण ज्यू (अथवा अन्य नामनिर्दिष्ट धर्माचे) नाही असे जाहीर करावे लागे. १९५४ च्या विशेष विवाह अधिनियमाने ही अट राहिली नाही. १९२५ मध्ये मुंबईत जेरुशा झिराड प्रभृतींच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या उदारमतवादी ज्यू संघटनेमुळे इंग्लंडमधील सुधारणावादी यहुदी विचारही जमातीस परिचित झाला; सर्वसामान्य कुटुंबांचा विवाहविधी मात्र जुन्या वळणाचाच राहिला.

परंपरा आणि पाश्चात्त्य पद्धती यांच्या संयोगाचे जे प्रसिद्ध उदाहरण नेहमी दिले जाते, ते जपानचे. तेथील वधू शिंतो मंदिरात पांढरा किमोनो घालून साकेचे तीन-तीन घोट घेते आणि नंतर स्वागतसमारंभात युरोपीय झगा घालून केक कापते. यातील शिंतो विधी पुरातन असावा असे पाहणाऱ्यास वाटते. परंतु जपानमध्ये पूर्वी लग्ने घरीच होत. मंदिरातील विवाह रूढ झाले ते युवराज योशिहितो यांच्या १९०० मधील विवाहानंतर. आधुनिक काळात राष्ट्रीय अथवा धार्मिक स्वत्व दृढ करण्याच्या प्रयत्नांतून ‘पारंपरिक’ विधी सिद्ध व्हावा आणि घरगुती आचार त्याच्या आगेमागे राहावेत, हा क्रम दोन्हीकडे समान आहे. फरक असा, की जपानमध्ये या घडामोडीमागे राजघराण्याचे उदाहरण होते. येथे काही हज्जान, शाळाशिक्षक व निवृत्त सुभेदार होते.

स्थलांतरामुळे किनाऱ्यावरील वस्ती विरळ झाली. १९५० च्या सुमारास भारतात सु. वीस हजार बेने-इस्राएल होते. २०११ च्या जनगणनेत देशातील सर्व ज्यू मिळून पाच हजारांहून कमी भरले. इझ्राएलमधील भारतीय वंशाच्या ज्यूंची संख्या मात्र ऐंशी हजारांच्या आसपास मानली जाते व त्यांत बेने-इस्राएल बहुसंख्य आहेत. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. गावोगावच्या सिनेगॉगांत विधीस लागणारे दहा पुरुष जमविणे कठीण झाल्याने लग्ने मुख्यतः मुंबईत व ठाण्याच्या ‘शाआर हाशामाईम’ (१८७९) या सिनेगॉगमध्ये होतात. अनुरूप स्थळ जमातीत न मिळणे ही नित्याची अडचण होऊन बसली आहे. नागावची ख्याती आता समुद्रकिनारा व पर्यटकांसाठी राहण्याची सोय असलेल्या वाड्या यांमुळे आहे.

इझ्राएलमध्ये या विवाहविधीने आणखी एक वळण घेतले. तेथील कायद्यानुसार विधी रब्बी लावतो, छत्राखाली लावतो व तो इतर ज्यूंप्रमाणेच असतो. वधूचा पोशाखही पाश्चात्त्य झगाच असतो. त्यामुळे बेने-इस्राएल म्हणून जे वेगळेपण उरते ते सारे आदल्या रात्रीच्या मेंदीत एकवटले आहे. लोद, रामला, अश्दोद, दिमोना अशा शहरांत मेंदीसाठी सभागृह घेतात, हिरव्या साड्या व बांगड्या मुंबईहून मागवितात, मराठी गाणी व हिंदी चित्रपटगीते लावतात. मोरोक्को व येमेनहून आलेल्या ज्यूंतही लग्नापूर्वी मेंदीची प्रथा असल्याने त्या समाजांतील व्याही मंडळींना ती परकी वाटत नाही. मलीदा तर घरोघर होतोच. पोहे मिळाले नाहीत असे सहसा होत नाही. ज्या तरुण पिढीला मराठी वाचता येत नाही तिलाही एलियाहूच्या स्तवनाची चाल, मलीद्याचे ताट आणि आजीचे गाव यांची नावे ठाऊक असतात. अलिबाग, रेवदंडा व खंडाळे येथे इझ्राएलमधून येणाऱ्या कुटुंबांत नुकते लग्न झालेली जोडपी असतात. खंडाळ्यास मलीदा करून ती आपल्या आडनावाचे गाव पाहावयास जातात आणि गावातील वृद्धांना आपल्या आजोबांचा घाणा कोठे होता, ते विचारतात.